अनोळखी नंबर: गिऱ्हाईक की भामटा? फोन उचला, पण पैशाचं काम फोन ठेवल्यावरच करा



आजचा धडा मार्केटिंगचा नाही आणि हिशेबाचाही नाही. पण हा धडा चुकला तर त्या दोन्ही धड्यांची कमाई पाच मिनिटांत जाऊ शकते. विषय आहे अनोळखी नंबरवरून येणारे फोन.

व्हिडिओत हा विषय थोडक्यात झाला. इथे सविस्तर लिहितो आहे, म्हणजे तुम्हाला वहीत उतरवून घेता येईल आणि घरातल्या किंवा दुकानातल्या माणसांना वाचून दाखवता येईल.

सौंदडच्या ताईंची गोष्ट

सौंदड हे गोंदिया जिल्ह्यातलं, सडक अर्जुनी तालुक्यातलं महामार्गालगतचं गाव. रेल्वे स्टेशन आहे, आजूबाजूला धानाची शेती आहे. तिथल्या एका कार्यशाळेत बचत गटातल्या एक ताई होत्या. तांदळाचे पापड आणि कुरडया करायच्या. माल उत्तम, पण विक्री गावापुरती. मी त्यांना सांगितलं, "ताई, पाकिटावर मोबाईल नंबर छापा, व्हॉट्सअॅप बिझनेसवर फोटो टाका आणि कोणताही फोन आला तरी दुसऱ्या रिंगला उचला. अनोळखी नंबर म्हणजे नवं गिऱ्हाईक."

ताईंनी तसंच केलं. काही दिवसांनी एक फोन आला. हिंदीत बोलणारा, आवाज भारदस्त. म्हणाला, मी आर्मीत आहे, आमच्या युनिटच्या मेससाठी ४० किलो पापड पाहिजेत. भाव किती? ताई म्हणाल्या, २८० रुपये किलो. त्याने घासाघीस केली नाही. ११,२०० रुपये लगेच मान्य. व्हॉट्सअॅपवर वर्दीतला फोटो आणि ओळखपत्रही पाठवलं.

संध्याकाळी परत फोन. "माल न्यायला गाडी येते आहे, पेमेंट आधी करतो. पण आमचं खातं आर्मीचं आहे, आधी व्हेरिफिकेशन लागतं. तुम्ही १ रुपया पाठवा." ताईंनी १ रुपया पाठवला, लगेच २ रुपये परत आले. विश्वास बसला. मग त्याने क्यूआर कोड पाठवला. "हा स्कॅन करा, ११,२०० टाका, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." ताईंनी स्कॅन केला, पिन टाकला. खात्यातून ११,२०० रुपये गेले. तो म्हणाला, "अरे, मशीनची गडबड झाली. परत एकदा करा, दोन्ही रकमा एकत्र येतील." ताईंनी परत केलं. २२,४०० रुपये गेले. तिसऱ्यांदा खात्यात शिल्लकच नव्हती, म्हणून थांबलं.

मला हे कळलं तेव्हा त्या एकच वाक्य बोलल्या, "भाऊ, वस्तू माझी, पैसे त्यानं द्याचे, मंग पिन मी काहून टाकला जी?"

या प्रश्नात सगळा धडा आहे. त्याच्याकडे परत येऊ. पण गोष्ट इथे संपत नाही. त्या दिवसानंतर ताईंनी अनोळखी फोन घेणंच बंद केलं. पुढे जवळच्या साकोलीतल्या एका दुकानदाराने त्यांच्या पाकिटावरचा नंबर बघून तीनदा फोन केला. ताईंनी उचलला नाही. त्याने माल दुसरीकडून घेतला. म्हणजे भामट्याने २२,४०० रुपये नेले आणि त्याच्या भीतीने एक कायमचं गिऱ्हाईकही नेलं.

यात माझीही चूक होती, ती मान्य करतो. फोन उचलायला मी शिकवलं, पण फोनवर काय करायचं नाही ते शिकवलं नाही. तो राहिलेला अर्धा धडा आज पूर्ण करू.

हे फक्त ताईंच्या बाबतीत घडतं का?

नाही. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले. २०२३ मध्ये हाच आकडा सुमारे ७,४६५ कोटी होता. एका वर्षात तिपटीने वाढ. यात शिकलेले आहेत, डॉक्टर आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. त्यामुळे "मी कशी इतकी वेडी" असं कोणी मनाला लावून घेऊ नका. समोरचा माणूस दिवसभर हेच काम करतो. त्याच्याकडे लिहिलेली संहिता असते. तुमच्या प्रत्येक शंकेला त्याचं उत्तर तयार असतं.

आणि छोटा व्यावसायिक त्याला सोपा पडतो. कारण तीन:

१. आपला नंबर उघडा असतो. दुकानाच्या पाटीवर, पाकिटावर, गुगल मॅपवर, माल विकायच्या वेबसाइटवर. तो असायलाच पाहिजे, त्याशिवाय धंदा कसा होणार?

२. आपल्याला ऑर्डरची आस असते. मोठ्या ऑर्डरचा फोन आला की डोक्याआधी मन हो म्हणतं.

३. आपण एकटेच मालक, एकटेच हिशेबनीस, एकटेच विक्रेते. फोनवर बोलता बोलता "जरा थांबा, अकाउंट्सवाल्यांना विचारतो" असं म्हणायला आपल्याकडे कोणी नसतं.

हा तिसरा मुद्दा लक्षात ठेवा. त्यावरच आपला उपाय उभा आहे.

एकच नियम

नियम असा: फोन चालू असताना पैशाला हात लावायचा नाही.

पैशाला हात म्हणजे काय? यूपीआय अॅप उघडणं, क्यूआर स्कॅन करणं, पिन टाकणं, ओटीपी सांगणं, आलेली लिंक उघडणं, फाइल किंवा अॅप डाउनलोड करणं, स्क्रीन शेअर करणं. यातलं काहीही समोरचा माणूस फोनवर असताना करायचं नाही. तो बँकेचा असो, लष्कराचा असो, नाहीतर तुमचा सख्खा मेहुणा असो.

असं का? कारण या फसवणुकीचा जीव त्या चालू फोनमध्ये असतो. भामटा तुम्हाला विचार करायला वेळच देत नाही. "फोन कट करू नका" हे त्याचं पेटंट वाक्य आहे. फोन ठेवून पाच मिनिटं गेली की ताईंना पडलेला प्रश्न आपल्यालाही पडतो: पैसे त्याने द्यायचे, मग पिन मी का टाकायचा? त्यांना तो पैसे गेल्यावर पडला. आपल्याला तो आधी पडायला हवा. त्यासाठी लागतात फक्त ती पाच मिनिटं.

आणि या प्रश्नाचं उत्तर पाटीवर लिहून लावा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही. पिन फक्त पैसे देताना लागतो, किंवा आपली शिल्लक तपासताना. गिऱ्हाईक आपला कोड स्कॅन करतं. गिऱ्हाईकाने आपल्याला कोड पाठवला, तर तो पैसे मागतो आहे असं समजा.

उद्योजकांना येणारे सहा ठरलेले फोन

१. मोठी ऑर्डर, घासाघीस नाही

ताईंना आला तो हाच. आर्मी, सीआयएसएफ, शाळा, हॉस्पिटल, कोणाचंही नाव असतं. वर्दीचं नाव जास्त चालतं, कारण आपल्या मनात त्या वर्दीबद्दल आदर आहे. खुणा बघा: भाव मुकाट मान्य, माल बघायची इच्छा नाही, भेटायची तयारी नाही, ओळखपत्र न मागता पाठवलेलं, आणि पेमेंटची काहीतरी अजब पद्धत. खरी संस्था माल घेते तेव्हा बिल मागते, नमुना मागते, पैसे उशिरा देते. "आधी पैसे घ्या" म्हणून मागे लागत नाही!

याचाच भाऊ म्हणजे "जास्त पैसे गेले" वाला फोन. "ताई, १,००० पाठवायचे होते, चुकून १०,००० गेले, ९,००० परत करा." सोबत पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो. मेसेज बनावट असतो. बँकेचा खरा मेसेज साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही, तो बँकेच्या नावाच्या इंग्रजी अक्षरांनी येतो. तरीही मेसेजवर जाऊच नका. फोन ठेवा, स्वतःच्या अॅपमध्ये शिल्लक बघा. खरंच जास्त आले असतील, तरी स्वतः परत पाठवू नका. "तुमच्या बँकेत तक्रार करा, मी माझ्या बँकेला कळवतो" एवढंच सांगा.

२. कर्ज मंजूर झालं

"तुमचं मुद्रा लोन पास झालं, फक्त फाइल चार्ज २,१०० रुपये भरा." नंतर जीएसटी, मग विमा, मग पहिला हप्ता. रक्कम वाढत जाते, कर्ज येत नाही. कधी शिक्का-सहीचं मंजुरीपत्रही येतं.

खरी गोष्ट अशी आहे. प्रधानमंत्री मुद्रा योजनेचं कर्ज बँका आणि वित्तसंस्था देतात. मुद्रा ही संस्था उद्योजकाला थेट कर्ज देत नाही आणि तिने कोणी एजंटही नेमलेले नाहीत. शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तरुणमध्ये १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं. आणि तरुणचं कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. अर्ज बँकेत होतो, चौकशी शाखेत होते. तुम्ही अर्जच केला नसेल, तर कर्ज पास होईल कसं? न पेरलेलं उगवत नाही.

३. सर्टिफिकेट संपतंय, दंड लागेल

"तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन एक्स्पायर होतंय, आजच रिन्यू करा." उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते आणि तिचं नूतनीकरण करावं लागत नाही. म्हणजे हा फोन पहिल्या वाक्यातच खोटा ठरतो. फूड लायसन्स, जीएसटी यांच्या नावानेही असे फोन येतात. त्यांच्या मुदती खऱ्या असतात, म्हणून गोंधळ होतो. उपाय सोपा आहे. आपल्या सगळ्या परवान्यांच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तारीख आपल्याला पाठ असली की कोणी घाबरवू शकत नाही. शंका आलीच तर गोंदियाच्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा.

४. आज रात्री वीज कापणार

महाराष्ट्रात २०२२ मध्ये या फोन-मेसेजनी धुमाकूळ घातला होता आणि महावितरणला वारंवार सावधानतेचे इशारे द्यावे लागले होते. "मागचं बिल अपडेट नाही, रात्री साडेनऊला लाइट कापणार, या अधिकाऱ्याला फोन करा." तो "अधिकारी" अॅप डाउनलोड करायला सांगतो आणि मोबाईलचा ताबा घेतो. ज्याची पिठाची गिरणी आहे, आइस्क्रीमचा फ्रिज आहे, त्याची तर झोपच उडते.

लक्षात ठेवा, वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायच्या आधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. सकाळी मेसेज आणि रात्री अंधार असं होत नाही. शंका असेल तर महावितरणच्या १९१२ या नंबरवर स्वतः फोन करा.

५. पोलीस, सीबीआय, ट्राय बोलतोय

"तुमच्या नावाने पार्सल पकडलंय", "तुमच्या आधारवर गुन्हा आहे", "दोन तासांत सिम बंद होणार". मग व्हिडिओ कॉलवर वर्दी, मागे ऑफिस, आणि "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कोणाला सांगू नका". डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं होतं. ट्राय ही नियामक संस्था कोणाचंही सिम बंद करायला फोन करत नाही. आणि पोलीस अटक करायला येतात, व्हिडिओ कॉल करत नाहीत.

६. तुमचं खातं भाड्याने द्या

हा फोन गोड असतो, म्हणून सगळ्यात वाईट. "तुमचं करंट अकाउंट आहे ना? आमच्या कंपनीचे पैसे काही दिवस फिरवा, लाखामागे दोन हजार कमिशन." नवीन उद्योजकाला वाटतं, बसल्या जागी उत्पन्न. प्रत्यक्षात ते पैसे कोणत्या तरी दुसऱ्या ताईंचे असतात. चोरीचा पैसा अशाच खात्यांतून फिरवला जातो. तपास लागला की पहिलं खातं गोठतं ते तुमचं आणि पोलीसही तुमच्याच दारात येतात. खातं, पासबुक, एटीएम कार्ड, सिम यातलं काहीही कोणाला वापरायला देऊ नका. ओळखीच्या माणसालाही नाही.

नंबर बघून काय कळतं आणि काय कळत नाही

थोडं कळतं, सगळं नाही.

* १४० ने सुरू होणारे नंबर जाहिरातीच्या फोनसाठी ठेवले आहेत. नको असेल तर उचलू नका.
* १६०० ने सुरू होणारी मालिका २०२४ मध्ये सेवाविषयक फोनसाठी सुरू झाली. बँका, वित्तसंस्था आणि सरकारी कार्यालयं यांच्यासाठी ती आहे. त्यामुळे "बँकेतून बोलतोय" म्हणणारा साध्या दहा आकडी नंबरवरून बोलत असेल, तर सावध व्हा.
* +९१ सोडून दुसऱ्या कोडने व्हॉट्सअॅपवर कॉल आला आणि परदेशात आपलं कोणी नाही, माल जात नाही, तर उचलायचं कारण नाही.
* परदेशातला फोन भारतीय नंबर दाखवूनही येऊ शकतो. असे कॉल अडवायची यंत्रणा दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली. पण आपली सावधगिरी आपल्यापाशीच हवी.
* कॉलरचं नाव दाखवणाऱ्या अॅपवर विसंबू नका. अशा अॅपमधली नावं बऱ्याचदा लोकांनीच भरलेली असतात. भामटाही स्वतःचं नाव "बँक मॅनेजर" किंवा "इंडियन आर्मी" असं ठेवू शकतो.

तुमच्या शाखेतले साहेब स्वतःच्या मोबाईलवरून खरोखर फोन करू शकतात, तेही नाकारता येत नाही. म्हणून नंबर हा पुरावा मानायचा नाही. समोरचा काय *करायला सांगतो*, तो पुरावा. ओटीपी, पिन, स्कॅन, अॅप, आधी पैसे, घाई, "कोणाला सांगू नका" यातलं एक जरी आलं तरी निकाल लागला.

एक वेगळी खूण लिहून ठेवा. कोणी तारका किंवा हॅश चिन्हाने सुरू होणारा कोड आणि पुढे एखादा मोबाईल नंबर डायल करायला सांगत असेल, तर करू नका. त्याने तुमचे फोन दुसरीकडे वळवले जाऊ शकतात आणि ओटीपी सांगणारे कॉलही त्यालाच जातात. चुकून केलं असेल तर ##००२# डायल करा, सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं.

फोनवर बोलायची तयार वाक्यं

भामट्याकडे संहिता असते, मग आपल्याकडे का नको? ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. पाठ करा.

*ऑर्डरचा फोन असेल तर:* "धन्यवाद साहेब. आमच्याकडे पेमेंट फोन चालू असताना होत नाही. मी बिल आणि दुकानाचा क्यूआर व्हॉट्सअॅप करते. तुम्ही सवडीने पैसे टाका. जमा झालं की माल तयार करते."

*बँक किंवा सरकारी खात्याचा असेल तर:* "बरं झालं कळवलं. तुमचं नाव आणि शाखा सांगा. मी पासबुकावरच्या नंबरवर फोन करून बोलतो."

*घाई करत असेल तर:* "पैशाचे निर्णय आमच्या घरात दोघं मिळून घेतो. अर्ध्या तासाने बोलू."

आठवतं, वर म्हटलं होतं की आपल्याकडे "अकाउंट्सवाल्यांना विचारतो" म्हणायला कोणी नसतं? मग ठरवून कोणीतरी नेमा. नवरा, बायको, सासूबाई, कॉलेजात जाणारा मुलगा, गटातली मैत्रीण. पैशाचा कोणताही वेगळा फोन आला की आधी त्या माणसाला सांगायचं. सांगताना आपले आपल्यालाच ऐकू येतं की यात काहीतरी गडबड आहे.

आणि परत फोन करायचा तर नंबर कुठून घ्यायचा? पासबुक, एटीएम कार्डाची मागची बाजू, वीज बिल. गुगलवर "कस्टमर केअर" शोधून पहिला दिसेल तो नंबर लावू नका, तिथेही भामट्यांचे नंबर पेरलेले असतात. त्यानेच दिलेल्या नंबरवर फोन करून त्याचीच खातरजमा होत नाही.

खरं गिऱ्हाईक दुखावेल का?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. उत्तर: नाही. खऱ्या गिऱ्हाईकाला माल हवा असतो. तुम्ही बिल मागितलं, पत्ता विचारला, थोडी रक्कम आगाऊ मागितली, तर त्याला तुम्ही पक्के व्यापारी वाटता. म्हणून मोठ्या ऑर्डरला चार गोष्टी सगळ्यांसाठी सारख्या ठेवा:

१. नाव, दुकान किंवा संस्थेचं नाव, पूर्ण पत्ता. व्यापारी असेल तर जीएसटी नंबर. तो सरकारच्या जीएसटी पोर्टलवर टाकून नाव जुळतं का बघता येतं.
२. आगाऊ रक्कम तुमच्या क्यूआरवर, त्याच्या क्यूआरवर कधीच नाही.
३. शिल्लक अॅपमध्ये किंवा पासबुकात दिसल्याशिवाय माल हलवायचा नाही. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत.
४. नियम सर्वांना एकच. पाहुण्यालाही तोच, साहेबालाही तोच.

आज संध्याकाळी करायची तयारी

* धंद्याच्या यूपीआयसाठी वेगळं खातं ठेवा. त्यात रोजची उलाढाल असू द्या. जास्तीची रक्कम दर आठवड्याला दुसऱ्या खात्यात टाका आणि ते खातं यूपीआयला जोडू नका. ताईंचं तिसरं स्कॅन शिल्लक नव्हती म्हणून अडलं, हे विसरू नका.
* बँकेच्या अॅपमध्ये व्यवहाराची मर्यादा कमी करून ठेवा.
* व्हॉट्सअॅपचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. तुमचा व्हॉट्सअॅप नंबर गेला तर तुमच्या गिऱ्हाईकांकडे तुमच्या नावाने पैसे मागितले जातील.
* व्हॉट्सअॅपवर आलेली 'एपीके' फाइल उघडू नका. लग्नपत्रिका, ट्रॅफिक चलन, पीएम किसान, कोणत्याही नावाने येते. पत्रिका फोटोत येते, तिला इन्स्टॉल करावं लागत नाही.
* 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर किंवा अॅपवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा. आपलं नसलेलं सिम दिसलं तर तिथेच कळवा. फसवायचा प्रयत्न झाला पण पैसे गेले नाहीत, तर त्यातल्या 'चक्षू' सुविधेत तो नंबर कळवा. तुम्ही वाचलात, पुढचाही वाचेल.
* दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाला हे सांगा. तुम्ही बाजारात गेलात आणि फोन मुलाने उचलला, तर?

पैसे गेलेच तर

रडायला नंतर वेळ आहे. आधी हे, याच क्रमाने:

एक: १९३० वर फोन करा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. हातात ठेवा: खाते क्रमांक, रक्कम, वेळ, व्यवहाराचा क्रमांक, समोरच्याचा मोबाईल नंबर आणि यूपीआय आयडी. तक्रार नोंदली की ती बँकांकडे जाते आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथेच ते रोखायचा प्रयत्न होतो. भामटे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात उडवतात आणि शेवटी एटीएममधून काढतात. रोख निघाली की हात रिकामे. म्हणून इथे तासांचा नाही, मिनिटांचा हिशेब आहे. लाइन लागली नाही तर थांबू नका, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार टाका.

दोन: लगेच बँकेला कळवा, कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांगा, तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात एक महत्त्वाची गोष्ट आहे. आपणच पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. म्हणजे कळवल्याची वेळ हाच आपला पुरावा.

तीन: चॅट, कॉलची यादी, क्यूआर, फोटो काहीही डिलीट करू नका. लाज वाटते म्हणून लोक सगळं पुसून टाकतात आणि पुरावाच जातो. स्क्रीनशॉट काढा, जवळच्या पोलीस ठाण्यात द्या.

चार: "तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा" असा फोन पुढच्या काही दिवसांत येऊ शकतो. तो दुसरा भामटा असतो, कधी कधी तोच पहिला. भाजलेल्या जागी परत भाजून घेऊ नका.

ताईंनी मला सांगितलं तेव्हा तीन दिवस झाले होते. त्या तीन दिवसांत त्यांनी घरात कोणालाही सांगितलं नव्हतं. पैसे परत आले नाहीत. १९३० हा आकडा त्यांना त्या दिवशी माहीत असता तर कदाचित काही वाचले असते. म्हणून म्हणतो, गटात, घरात, गल्लीत, चारचौघांत हा नंबर सांगा. फसलेल्या माणसाला हसू नका. आपण हसतो म्हणून तो लपवतो, आणि तो लपवतो म्हणून पैसे निसटतात.

शेवटचं

ताई आता परत फोन उचलतात. मोबाईलच्या कव्हरवर त्यांनी चिठ्ठी चिकटवली आहे: "पैसे घ्याले पिन लागत नाही." साकोलीच्या त्या दुकानदाराला त्यांनी स्वतः फोन केला, तेव्हा उचलला नाही म्हणून माफी मागितली, कारण सांगितलं. तो म्हणाला, "असं का? मलेही असाच फोन आलता." पहिली ऑर्डर १० किलोची मिळाली. आगाऊ पैसे ताईंच्या क्यूआरवर आले, ताईंनी शिल्लक बघितली, मगच पापड बांधले.

धंद्यात फोन बंद ठेवून चालत नाही. दार उघडंच ठेवायचं, फक्त गल्ल्याची किल्ली फोनवरच्या माणसाच्या हातात द्यायची नाही.

गृहपाठ: १) १९३० आणि १९१२ हे नंबर आत्ताच सेव्ह करा, बँकेचा नंबर पासबुकावरून बघून सेव्ह करा. २) वरची तीन तयार वाक्यं तुमच्या बोलीत लिहा. ३) घरातल्या एकाला भामटा बनवा, त्याला तुम्हाला फोन करायला सांगा आणि सराव करा. हसू येईल, पण खरा फोन येईल तेव्हा तोंडातून शब्द आपोआप निघतील.

तुम्हाला असा एखादा वेगळा फोन आला असेल तर कमेंटमध्ये लिहा, नंबर आणि नाव न देता. तुमच्या एका ओळीने कोणाची तरी महिन्याची कमाई वाचेल. भेटू पुढच्या धड्यात. तोपर्यंत फोन उचला, धंदा करा आणि सावध राहा.